जरा जास्तच लांबचं

१

माझी जुनी दुर्बीण तिवईसकट साडेतीन किलोची होती. तीस वर्षं ती पाठीवर वागवली तेव्हा कधी कुरकुर केली नाही. पण हृदयाचं दुखणं निघालं आणि वरच्या बाकापर्यंत जाताना मी चार ठिकाणी टेकायला लागलो. कुणी विचारलंच तर सांगायचो, जनावरं बघतोय.

"बाबा, चौथ्या वळणावर कुठली हो जनावरं? तिथे नुसता दगड आहे," बुर्गी म्हणायची.

बुर्गी माझी मुलगी. चौतीस वर्षांची, खालच्या गावात शाळेत शिकवते. शिकारीचा परवाना आहे तिच्याकडे, आणि नेम माझ्याहून चांगला आहे. हे मी तिच्या तोंडावर कधी बोललो नाही, उगाच डोक्यावर बसायची. पण तिचा जीव फोटोंत. दुर्बिणीच्या डोळ्याला फोन अडकवायचा आणि तासन्‌तास बसायचं. बंदूक बाजूला पडलेली.

शेवटी सप्टेंबरात तिनं मला गाडीत घातलं आणि शहरात फिलोमेनाबाईंच्या बंदुकीच्या दुकानात नेलं. नवी परवडण्यातली नव्हती, वापरलेलीच बघायची होती.

"शिकारीला हवी की फोटोंना?" बाईंनी विचारलं.

"शिकारीला," मी म्हटलं. "फोटोंना," बुर्गी म्हणाली. दोघंही एकाच वेळी.

बाईंनी दोन दुर्बिणी काढून ठेवल्या. एक मोठी, तळहाताएवढ्या काचेची. संधिप्रकाशात जनावर दाखवणार ती हीच, मला बघताक्षणी कळलं. पण वजन जुनीएवढंच. दुसरी लहानशी. हातात घेतली तर लिटरभर दुधाएवढीही भरेना. मी तिच्यात टॉर्च मारून बुरशी शोधली, नव्हती. कडी फिरवून बघितली, लोण्यासारखी फिरली. मग दारात उभं राहून समोरच्या औषधांच्या दुकानाची पाटी वाचली. अक्षरं स्वच्छ, डावं ते डावीकडे, उजवं ते उजवीकडे.

"आधीच्या मालकानं विकली कशाला?"

बाई झाकण शोधत होत्या. "म्हणाला, जरा जास्तच लांबचं दिसतं."

मी हसलो. "म्हणजे बूट घेतले आणि चालता येतं म्हणून परत केले!"

बुर्गीही खिदळली. बाई हसल्या नाहीत. "मी काही लावून बघितली नाही," म्हणाल्या आणि झाकण माझ्या हातात दिलं.

मोठीच चांगली होती. शिकारी म्हणून मला ते पक्कं माहीत होतं. पण त्या चार ठिकाणी टेकण्याचा मला वीट आला होता. मी हलकी घेतली.

२

आमच्या रानाचे आम्ही पाच जण भागीदार. मी, बुर्गी, व्हिन्सेन्झ, काशियान आणि सेराफिन. पाचातले चार साठीच्या पुढचे. बुर्गी आम्हाला 'संग्रहालय' म्हणते.

बाक आमच्या घराच्या वर, तासाभराच्या चढावर. समोर दरी, आणि दरीपलीकडे डोंगराचा उतार. त्या उतारावर एक लहान मोकळवण आहे, तिच्यातून वर जाणारी पायवाट. तिथून वर चढणारा माणूस माझ्या उजवीकडून डावीकडे जाताना दिसतो. मोकळवणीच्या कडेला लार्चची झाडं आहेत, सुयांसारख्या पानांची. ऑक्टोबरात ती अशी पिवळीधमक होतात की बघत राहावं.

पहिल्या दिवशी मी दुर्बीण लावली, ती लार्च बघितली आणि कडी पुन्हा फिरवली. झाडं उघडी होती. एक सुई नाही, काळ्या फांद्या नुसत्या. बुंध्यांशी पातळ बर्फ.

डोळा बाजूला घेतला, तर समोर सगळं पिवळं. पुन्हा लावला, उघडं.

मी म्हटलं, असेल बुवा. जुन्या काचेला पिवळा रंग झेपत नसेल. वरचा लेप गेला की काचा रंग खातात, हे मी ऐकलेलं होतं. बर्फाचं काय, ते मी स्वतःला विचारलं नाही.

रविवारी बुर्गी माझ्याबरोबर बाकावर आली. तिनं फोन अडकवून फोटो काढले. फोटोंत लार्च पिवळीच.

"डोळा लावून बघ जरा. झाडं कशी दिसतात?"

तिनं बघितलं. "पिवळी. का हो?"

"काही नाही."

"बाबा, डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊ या का? संग्रहालयातला माल खराब व्हायला लागला."

मग तिनं मला पलीकडे पिटाळलं. मोकळवणीतून चाला म्हणे, माणसाचा फोटो हवाय, मापाला. मी दरी उतरून पलीकडे गेलो, तिच्यासाठी काठी टेकत त्या मोकळवणीतून चढलो आणि धापा टाकत परत आलो. फोटो बघायला मागितला, तर म्हणाली, छापून देईन, वाढदिवसाला.

दुर्बिणीचं काम आमच्यात नुसतं बघण्याचं नसतं. शिकाऱ्यांची बोली वेगळी. जनावराच्या रक्ताला आम्ही रक्त म्हणत नाही, घाम म्हणतो. आणि जनावर नर की मादी, म्हातारं की तरुण, हे लांबून ओळखण्याला 'बोलणं' म्हणतात. आधी जनावराला बोलायचं, मग बोटाला काम. चुकीचं बोललेला शिकारी वर्षभर मान खाली घालून हिंडतो. पन्नास वर्षांत मी एकदाही चुकीचं बोललो नव्हतो. पायाच्या टाकण्यावरून, मानेच्या बाकावरून मी कुठलंही जनावर बोलायचो. माणसंही.

३

तो बुधवार होता, दुपारचे दोन वाजले असतील. मी एकटाच बाकावर होतो. राय धान्याचा पाव आणि धुरावलेलं मांस खाऊन झालं, हात पुसले आणि दुर्बीण लावली.

मोकळवणीत माणसं होती.

एकामागे एक, उजवीकडून डावीकडे, सावकाश वर चढत होती. अंगावर करड्या लोकरीचे कोट. पुढचा व्हिन्सेन्झ, डुलत चालणारा दुसरा कोण असणार! त्याच्या खांद्यावर कसलीशी फळी. मग काशियान, उजवा पाय ओढत. मग ताडमाड सेराफिन, हात पाठीमागे बांधून. तिघांच्याही हॅटमध्ये फरच्या झाडाची डहाळी खोचलेली.

डाव्या बाजूला.

आमच्याकडे शिकार मिळाली की डहाळी उजव्या बाजूला खोचतात. डाव्या बाजूला खोचतात ती माणूस गेल्यावर. पानांची पाठ बाहेर ठेवून.

मी स्वतःलाच दरडावलं, अरे, काच उलटं दाखवत असेल. आरशात दिसतं तसं. म्हणजे माणसं उतरत असतील आणि डहाळ्या उजवीकडे असतील. नर मिळाला असेल एखादा, मला न सांगता गेले असतील लेकाचे. मी दुर्बीण जरा हलवून पलीकडच्या गवताच्या खोपटावर आणली. त्याच्या दारावर १८७४ हे साल रंगवलंय. सरळ दिसलं, एकापुढे आठ.

परत मोकळवणीवर आलो. तिघांच्या मागून चौथं येत होतं. ठेंगणं, खांदे पडलेले. डोक्यावर बुर्गीची हॅट. नीलकंठाचं पीस आहे तिला, मीच आणून दिलेलं, हजारात ओळखेन.

ते चौथं मध्येच थांबलं. वळलं. थेट माझ्याकडे बघितलं आणि हात वर केला. मग हॅट काढून जोरजोरात हलवायला लागलं. उन्हात फिके केस चमकले.

बुर्गीचे केस तसेच आहेत, आईवर गेलेली. आखूड कापलेले, उन्हात जवळजवळ पांढरे.

बुर्गी हात करतेय मला! मी मोठ्यानं हसलो, एकटाच. इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग व्हिन्सेन्झनं मागे वळून काहीतरी विचारलं आणि ती सगळी खडकाआड गेली.

मी दुर्बिणीवरून डोळा काढला. समोर पिवळी लार्च, रिकामी मोकळवण. गळ्यातली साधी, दोन डोळ्यांची दुर्बीण लावून अर्धा तास बघत बसलो. कुणी नव्हतं.

घरी आलो तर बुर्गी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. हॅट खुंटीला.

"आज पलीकडे गेली होतीस?"

"शाळा होती ना बाबा. आज बुधवार."

४

काचेत दिसलं ते अजून घडायचं होतं. डहाळ्या खोचून पाचातले चार चालले, तर उरला कोण हे काय सांगायला हवं? पाचवा मी. डॉक्टरांनी वसंतातच सांगितलं होतं, चढ कमी करा, नाहीतर एक दिवस वरच राहाल. तर तो दिवस जवळ आला होता. लार्च उघडी व्हायच्या आत.

सांगायला लाज वाटते, पण मी फार घाबरलो. मरणाच्या गप्पा मारताना आम्ही म्हातारे भारी शूर असतो. व्हिन्सेन्झ तर स्वतःच्या अंत्ययात्रेत कोणता बँड वाजवायचा हेसुद्धा ठरवून बसलाय. मीही हसायचो त्याच्याबरोबर. पण त्या बुधवारनंतर मी जिना चढतानाही कठडा धरायला लागलो. बाकावर गेलो नाही. दुर्बीण कपाटात ठेवली. एकच गोष्ट मनाला धरून होती. पोर त्या रांगेत होती, पोर सुखरूप होती. पण मला मरायचं नव्हतं. मला आणखी एक हिवाळा हवा होता, स्वयंपाकघरात, तिची बडबड ऐकत.

शनिवारी माझी पाळी होती. मोकळवणीच्या वर, कड्याजवळ डोंगरी बकऱ्यांतला एक नर खरजेनं पछाडला होता, अंगावर केस राहिले नव्हते. असं जनावर वेळेत पाडलं नाही तर सगळा कळप खलास होतो. तिथे जायला कड्याच्या पोटातून अरुंद पट्टी आहे. दोन पावलं मावतील एवढीच. मी ती शंभरदा ओलांडली असेल.

मी मनात म्हटलं, हीच ती जागा. इथेच राहणार मी. मग जायचंच नाही.

शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला मी गुडघा चोळत बसलो. "उद्या काही खरं नाही माझं," म्हटलं. गुडघ्याला काहीही झालं नव्हतं.

"मग मी जाते की," बुर्गी म्हणाली. "दुर्बीण हलकी घेतली ती कशाला? त्या नराचे फोटोही मिळतील. डॉक्टरबाईंना हवे आहेत, जनावरांच्या."

"एकटी जाऊ नकोस."

"तुम्ही कायम एकटेच जाता ना?" तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "बाबा, काय झालंय? आजकाल घाबरल्यासारखे दिसता."

जिभेवर आलं होतं. सांगितलं असतं तर हसली असती, संग्रहालय म्हणाली असती आणि कदाचित माझ्याजवळ थांबली असती. पण मला वाटलं, तिला काय धोका आहे? ती तर दिसली होती मला. हॅट हलवताना दिसली होती. या डोंगरात त्या दिवशी सगळ्यात सुरक्षित कोण असेल तर तीच.

"गुडघा दुखतोय, दुसरं काय," मी म्हटलं.

सकाळी ती निघाली. दुर्बीण पिशवीत टाकताना म्हणाली, काही वजनच नाही हिला. दारातून पुन्हा मागे वळली. "सूप गरम करून घ्या. आणि वरून मीठ टाकू नका, मला कळतं ते."

मी चुलीशी बसून राहिलो. बाहेर ऊन पडलं होतं. मी जिवंत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता.

५

साडेतीनला व्हिन्सेन्झ दारात आला. हॅट हातात.

"आम्ब्रोस, बस आधी."

"उभाच राहू दे मला."

"मी आणि काशियान लाकडं बघायला गेलो होतो. पट्टीखालच्या दगडांवर..." त्यानं हॅट दुसऱ्या हातात घेतली. "दगडांवर रक्त आहे."

चाळीस वर्षं आम्ही एकत्र शिकार केली. व्हिन्सेन्झच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. तो घाम म्हणाला असता तर मी विचारलं असतं, नर पडला का?

मी खाली बसलो.

तिची हॅट वर झुडपात अडकलेली सापडली. दुर्बीण खाली, बुर्गीपासून चार हातांवर पडली होती. साठ मीटर खाली आली होती ती, आणि काचेवर ओरखडासुद्धा नव्हता. सेराफिननं दोन्ही आणली, हॅट खुंटीला लावली आणि दुर्बीण माझ्या टेबलावर ठेवली. मी ती कपाटात टाकली आणि कुलूप लावलं. किल्ली तेव्हापासून माझ्या खिशात आहे.

पुरताना सगळ्यांनी एकेक डहाळी टाकली. मी डहाळीबरोबर माझी हॅटही टाकली. का टाकली ते विचारू नका. तिला वर फार थंडी वाजायची.

६

नोव्हेंबरच्या मध्यावर पहिला बर्फ पडला, पातळसा. डोंगरात माणूस गेला की त्या जागी नावाची फळी लावायची आमच्याकडे रीत आहे. व्हिन्सेन्झनं ती स्वतः कोरली होती. दुपारच्या उन्हात आम्ही निघालो. बोचरं वारं होतं. माझी हॅट नव्हती, म्हणून खुंटीवरची तिची घातली. डहाळी खोचली, डाव्या बाजूला. तोवरही माझ्या डोक्यात काही आलं नाही. माणसाचं डोकं त्या दिवसांत चालत नसतं.

मोकळवणीच्या खाली पाण्याची डोणी आहे, तिथे आम्ही दम खायला थांबलो. सेराफिननं कोटातून एक पाकीट काढलं.

"शाळेतल्या बाईंनी दिलंय. बुर्गीनं शाळेत छापून ठेवलेले फोटो आहेत. तू निवांत बघ, घरी."

मी तिथेच उघडलं. गवताचं खोपट, ढग, पिवळी लार्च. मग एक फोटो मोकळवणीचा. एक म्हातारा काठी टेकत चढत होता. ठेंगणा, खांदे पडलेले, मान कोटात गेलेली.

"हा कोण म्हातारा?" मी काशियानला विचारलं.

काशियाननं फोटो बघितला, मग माझ्याकडे. "अरे आम्ब्रोस... तू आहेस हा."

फोटोच्या मागे तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'संग्रहालयातली सर्वांत मौल्यवान वस्तू'.

माझ्या मनात मी अजून पाच फूट दहा इंच होतो. ताठ चालणारा. स्वतःची पाठ कोण बघतं? कुठलंही जनावर, कुठलाही माणूस मी कोसावरून बोलायचो, आणि या एकाला बोललो ते चुकीचं.

"चला," व्हिन्सेन्झ म्हणाला आणि त्यानं फळी खांद्यावर घेतली.

तो पुढे झाला, डुलत. मग काशियान पाय ओढत. मग सेराफिन, हात पाठीमागे. मला कुणी सांगितलं नाही, तरी मी शेवटी उभा राहिलो.

आम्ही मोकळवणीत आलो. लार्च उघडी होती. बुंध्यांशी बर्फ. मी पावलं मोजत होतो आणि समोर बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी बघितलं. दरीपलीकडे, आमच्या बाकावर, काच चमकत होती.

दुर्बीण घरी कपाटात होती. किल्ली खिशात होती, मी हात घालून बघितली.

मी थांबलो. तिकडे तो बसला होता, त्या बुधवारचा मी. मांस खाऊन हात पुसलेला, ज्याचं अजून काहीच घडलं नव्हतं. त्याची मुलगी आत्ता शाळेत होती. संध्याकाळी घरी येऊन बटाटे सोलणार होती.

मी हात वर केला. नको, नको पाठवूस तिला! तुझा गुडघा धड आहे रे भडव्या, तू जा! आवाज पोचणार नाही हे कळत होतं, तरी मी मनातल्या मनात ओरडत होतो. मग डोक्यावरच्या हॅटची आठवण झाली. ही बघून त्याला वाटेल ती आहे! मी ओरबाडून ती काढली आणि जोरजोरात हलवायला लागलो. बघ नीट, मी आहे, म्हातारा आहे, तूच आहेस!

ऊन माझ्या पांढऱ्या केसांवर पडलं होतं. डोक्याला ऊब लागली तेव्हा मला ते कळलं, आणि माझा हात तसाच हवेत राहिला.

व्हिन्सेन्झ मागे वळला. "आम्ब्रोस, कुणाला हात करतोयस?"

समोर बाकावर चमक अजून होती. तिथे मी हसत होतो, मोठ्यानं, एकटाच. मग दुर्बीण आवरून, पोर सुखरूप आहे म्हणून, हलक्या मनानं घरी जायला निघणार होतो.